न पिता चढलेली भागीरथाबाई

दारूच्या नावानं बोटं मोडणाऱ्या बाया प्रत्येक गावात असतात. मोहाडीपासून सात किलोमीटरवरच्या चिचटोल्यात मात्र हे काम भागीरथाबाई शेंडे एकट्या बघायच्या. वय अठ्ठावन्न, अंगानं काटकुळ्या, आणि आवाज असा की धानाच्या रोवणीच्या दिवसांत त्या शेताच्या धुऱ्यावरून ओरडल्या की पलीकडच्या बांधीतला बगळासुद्धा जरा लगबगीनं पावलं टाकायचा. वीस बायांची टोळी त्या आवाजावर चिखलात वाकायची आणि त्याच आवाजावर जेवायला बसायची. कुणाचं रोप वाकडं लागलं, कुणाची सून रुसून माहेरी गेली, सगळं त्या एकाच पट्टीत जाहीर करायच्या. त्यांचे यजमान खुशालराव लग्नापासून फारसं बोललेच नव्हते, कारण त्यांच्या वाट्याचंही घरात बोलून होत असे. गावाला ग्रामपंचायतीचा भोंगाही होता, पण तो बिघडला तेव्हा तीन महिने कुणाच्या लक्षात आलं नाही.

तलावाकडे वळणाऱ्या रस्त्यावर योगेंद्रचं देशी दारूचं दुकान होतं. योगेंद्र तसा गोडबोल्या माणूस. येणाऱ्याला ‘या भाऊ’ आणि जाणाऱ्याला ‘सांभाळून जा भाऊ’ म्हणायचा, आणि पुढची जबाबदारी रस्त्यावर सोडून द्यायचा. त्याचं सगळ्यात निष्ठावान गिऱ्हाईक बाबुलाल. चाळिशीचा, सायकली दुरुस्त करणारा, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला. दोन पावसाळ्यांमागे हा बाबुलाल भर दुपारी दुकानातून घराकडे निघाला आणि वाटेत भागीरथाबाईंच्या पऱ्ह्यात आडवा झाला. रोवणीसाठी वाढवलेली ती कोवळी दाट रोपं त्याला गादीसारखी वाटली असावीत. नुसता झोपला असता तरी निभावलं असतं, पण तो संध्याकाळपर्यंत कुशी बदलत झोपला. भागीरथाबाई आल्या तेव्हा निम्मे पऱ्हे मातीला टेकले होते आणि मधोमध बाबुलाल हसऱ्या तोंडानं घोरत होता.

त्यांनी बाबुलालला काहीच केलं नाही. त्या थेट दुकानामागे लागल्या.

नियम असा, पाव हिश्श्याहून जास्त बायांनी सह्या करून अर्ज दिला तर भंडाऱ्याहून उत्पादन शुल्क खात्याचे साहेब येतात, एकेका बाईला समोर उभं करून सही खरी का विचारतात, आणि मग गावातल्या बायांचं मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन बाटल्या असतात, एक उभी आणि एक आडवी. आडवीला निम्म्याहून जास्त बायांची मतं पडली की दुकान बंद. भागीरथाबाईंनी हिवाळाभर दारोदार फिरून सह्या आणि अंगठे गोळा केले. ज्या घरातून नकार आला त्या घरासमोर त्या जरा मोठ्यानं बोलत उभ्या राहायच्या, मग अंगठा बाहेर यायचा. अर्जावर पहिली सही त्यांची होती.

होळीला आठ दिवस असताना, अंगणात तांदूळ निवडता निवडता त्यांच्याभोवती घर गरकन फिरलं. ओकारी झाली, उभं राहता येईना. भंडाऱ्याच्या दवाखान्यात सांगितलं की डोक्याच्या मागच्या बाजूला जो लहान मेंदू असतो त्याला रक्त कमी पडलं. जीव वाचला हे नशीब. बारा दिवसांनी त्या घरी आल्या. हात चालत होते, भूक लागत होती, राग तर येताना जसाच्या तसा बरोबर आला होता. दोन गोष्टी मात्र बदलल्या. चालताना पाय फाकून, डावीउजवीकडे हेलकावे खात चालावं लागायचं. आणि तो आवाज गेला. तोंडातून बोलणं येत होतं, पण ते त्यांचं नव्हतं.

पूर्वी त्यांचं वाक्य धाडधाड यायचं. आता एकेक अक्षर सुटं सुटं, प्रत्येकाला सारखाच वेळ, सारखाच जोर, मध्ये सारखीच फट. आणि मधूनच एखादं अक्षर काही कारण नसताना फटाक्यासारखं फुटायचं, कोणतं ते त्यांनाही आधी कळायचं नाही. पहिल्या दिवशी त्यांनी सुनेला, ज्योत्सनाला, अगदी मायेनं चहा मागितला. ‘च-हा’ नीट आलं आणि ‘दे’ असं फुटलं की मांजर चुलीमागे गेलं. ज्योत्सनाला वाटलं सासू भडकली. खरं तर सासू आयुष्यात पहिल्यांदा नुसता चहा मागत होती.

बोलणं सुधारायला भंडाऱ्याला गुंजन मॅडमकडे जावं लागायचं. ही मुलगी वयानं नातीएवढी, पण भागीरथाबाईंना तिचा धाक वाटायचा, कारण ती त्यांचं बोलणं मध्ये न तोडता शेवटपर्यंत ऐकायची. तिनं त्यांना माइकसमोर बसवून लांब ‘आ’ म्हणायला लावलं, मग जमेल तेवढ्या भरभर ‘प-ट-क, प-ट-क’ म्हणायला लावलं, मग एक साधं वाक्य. ते सगळं कॉम्प्युटरवर चित्र होऊन दिसलं. मॅडमनं आधी स्वतःच्या बोलण्याचं चित्र दाखवलं: काही अक्षरं उंच, काही बुटकी, काही एकमेकांत मिसळलेली. मग भागीरथाबाईंचं दाखवलं. दोरी धरून रोवणी केल्यावर रोपं दिसावीत तशी सगळी अक्षरं एका उंचीची, एका अंतरावर, आणि मध्येच एक भलतंच वर गेलेलं. लांब ‘आ’ तर नागमोडी दिसत होता. ‘प-ट-क’चा ताल कुठे धावत होता, कुठे अडखळत होता.

मॅडमनं सांगितलं की बोलताना ओठ, जीभ, गळा आणि श्वास यांना कधी, किती हलायचं याचा ताल लहान मेंदू धरतो. तो ताल सुटला आहे. शहाणपण, आठवण, शब्द सगळं जागेवर आहे. रोज सकाळी ‘आ’ आणि ‘प-ट-क’ करायचं. मग जरा घुटमळून तिनं हेही सांगून टाकलं की दारू चढते तेव्हा मोठा दणका ह्याच लहान मेंदूला बसतो, म्हणून अनोळखी लोकांचा गैरसमज होऊ शकतो.

अनोळखी लोकांचं मॅडम सांगत होती. इथं आख्खं चिचटोला ओळखीचं होतं, आणि आठ दिवसांत गैरसमज घरोघर पोचला. योगेंद्रनं तो पोचवला असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्यानं फक्त दुकानात बसून उसासे सोडले. एवढी मोठी बाई, म्हणाला, काय ही वेळ आली, आपण तर कधी विकली नाही बा, दुसरीकडून आणत असंल. बाकीचं काम गिऱ्हाइकांनी केलं. भागीरथाबाई हेलकावे खात पाण्याला निघाल्या की पारावरचे दोघंतिघं उठून अदबीनं रस्ता देऊ लागले, आपल्या पिणाऱ्या जातीच्या माणसाला देतात तसा. एकानं तर ‘सांभाळून जा काकी’ म्हटलं, अगदी योगेंद्रच्या सुरात.

भागीरथाबाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. जे काही बोलू ते त्याच्याच बाजूनं साक्ष देणार, हे त्यांना कळलं होतं. त्या दिवसापासून त्या बाहेर बोलायच्या बंद झाल्या. बोलावंच लागलं तर पदर तोंडाशी धरायच्या. घरी येऊन त्या रडल्या, आणि रडण्याचा आवाज तेवढा पूर्वीसारखाच आहे हे लक्षात येऊन त्यांना आणखी रडू आलं.

सगळ्या गावात या अफवेवर मनापासून विश्वास ठेवला तो एकट्या बाबुलालनं. बाकीचे मजा घेत होते. बाबुलालला मत्सर वाटत होता. योगेंद्रचं दुकान दहाला उघडायचं, आणि भागीरथाबाई सकाळी सातलाच इतक्या सुंदर चढलेल्या असायच्या. वास म्हणाल तर नाही. डोळे लाल नाहीत. म्हणजे माल उंची असणार. बाबुलालनं धंदा बाजूला ठेवून शोध सुरू केला. तो त्यांच्या मागे बाजारात गेला, तलावावर गेला, घरामागच्या वाळल्या तणसाच्या ढिगात हात घालून आला. शेवटी एका सकाळी तो अंगणाच्या बुटक्या भिंतीवरून वाकला आणि हलक्या आवाजात म्हणाला,

“काकी, मी कोणाले नाई सांगत. दुकान दहाले उघडते, तुमाले साताले कशी चढते? कुठून आणता?”

भागीरथाबाई ‘प-ट-क’ करत होत्या. त्यांनी त्याच्याकडे बघितलं. हा माणूस थट्टा करत नव्हता. सायकलचं पंक्चर शोधताना असतो तेवढाच गंभीर होता. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदाच त्यांना हसू आलं, आणि तेही असं फुटलं की बाबुलाल भिंतीवरून खाली उतरला. मग त्यांच्या अंगात जुनी भागीरथाबाई आली. त्यांनी हसताना तोंडाशी गेलेला पदर काढला आणि एकेक अक्षर मांडत त्याला सांगितलं की बाटलीबिटली काही नाही, हा मंत्र आहे. रोज सकाळी सातला पन्नासदा ‘प-ट-क’ म्हणायचं, न पिता चढते.

बाबुलाल दुसऱ्या दिवशी सातला हजर. भिंतीच्या पलीकडे उकिडवा बसून त्यानं पन्नासदा म्हटलं आणि डोळे मिटून वाट बघितली. काही झालं नाही. त्यांनी सांगितलं, शंभरदा म्हण. पंधरा दिवस हा प्रकार चालला. कधीकधी तो संध्याकाळी दुकानातून येतानाही भिंतीशी थांबून म्हणून बघायचा, प्यालेल्या अंगावर जास्त लागू पडतं का ते तपासायला. तेव्हा त्याचं ‘पटक पटक’ घसरत ‘पतपतप’ होऊन जायचं. सकाळी तो स्वच्छ म्हणायचा. भागीरथाबाईही तेव्हा बरोबर म्हणायच्या, पण त्यांचं दोन्ही वेळेला सारखं. हे त्याच्या कानानं टिपलं. भागीरथाबाईंनाही वाटायचं, मंत्राचं खोटं आज फोडू, उद्या फोडू. पण सकाळी कुणीतरी आपल्याबरोबर बसून आपल्यासारखंच बरळतंय, याची त्यांना गोडी लागली होती.

मे महिन्यात साहेबांची तारीख आली आणि तिच्या पाठोपाठ योगेंद्रची हरकत. त्यानं लिहून दिलं होतं की अर्जदार बाईच व्यसनी आहे, नशेत बायांना धमकावून सह्या घेतल्या, सबब अर्ज फेटाळावा. धमकावण्याचा भाग अगदीच खोटा नव्हता, म्हणून तो जास्त झोंबला. रोवणीच्या टोळीतल्या बायाही कचरू लागल्या. दोघीतिघींनी ज्योत्सनाला सांगितलं की आम्ही आडव्या बाटलीच्याच, पण पिणाऱ्या बाईच्या मागं उभं राहिलं तर घरचे काय म्हणतील. ज्योत्सनानं सासूची विनवणी केली की आई, तुम्ही फक्त बसा, बोलायचं ते मी बोलते. भागीरथाबाईंनी मान हलवली. आपण तोंड उघडलं तर अर्ज जाईल, हे त्यांना दिसत होतं. नाही उघडलं तर अर्ज राहील, पण गावात मरेपर्यंत आपण दारुडी म्हणून राहू, हेही दिसत होतं. त्या रात्रभर त्यांना धड झोप लागली नाही.

शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडलं होतं. एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला पुरुष. योगेंद्र धुतलेला शर्ट घालून आला होता. साहेब येणार म्हणून शोभा दिसावी यासाठी त्यानं त्या दिवशी सकाळपासून दुकानही बंद ठेवलं होतं.

ज्योत्सनानं दवाखान्याचा कागद पुढं केला. साहेबांनी तो वाचला. योगेंद्र नम्रपणे म्हणाला की आजार आहे हे कोण नाकारतं, पण तो कशानं झाला ते कागदावर कुठं आहे? साहेबांनी भागीरथाबाईंकडे बघून सांगितलं की मला तर इथं वास येत नाही. “आज नसंल घेतली,” योगेंद्र म्हणाला, आणि पुरुषांच्या बाजूनं खसखस पिकली. साहेबांनी विचारलं की यांना रोज बघणारं, पण अर्जावर सही नसलेलं कुणी आहे का?

“मी आहो साहेब,” असा एक आवाज मागून आला.

बारीक, स्वच्छ, जरासा लाजरा आवाज. लोकांनी माना वळवल्या आणि कोण बोललं ते शोधू लागले. बाबुलाल उभा होता. वीस वर्षांत दुपारी बाराच्या सुमाराला त्याचा असा आवाज गावानं ऐकला नव्हता. साहेबांनी विचारलं, तुम्ही घेतलीय का? बाबुलाल म्हणाला की नाही, आज दुकानच बंद आहे. योगेंद्रचं तोंड पहिल्यांदा जरा उतरलं.

मग बाबुलाल बोलला. हात मागे बांधून, सायकलचा बिघाड गिऱ्हाइकाला समजावून सांगावा तसा.

“साहेब, वीस वर्सं झाली, मी पेतो. यातलं मले समजते. पेणाऱ्याचे शब्द एकमेकाच्या अंगावर पडतात. काकीचे शब्द येगयेगळे उभे रायतात, मोजून घ्या. पेणारा सकाळी येगळा बोलते, सांजच्याले येगळा. काकी साताले जशी, सांजच्याले तशीच. मी दोन्ही टायमाले आयकलं, पंधरा दिवस.”

साहेबांनी विचारलं, तुम्ही पंधरा दिवस यांच्या दारात काय करत होता?

“बाटली ढुंढत होतो,” बाबुलाल म्हणाला. “तणसात पाह्यलं, कोठ्यात पाह्यलं. असती तं मले सापडली असती, साहेब. मले सापडली नाई म्हणजे नाईच.”

यावर पुरुषांच्या बाजूनंच सगळ्यात मोठा हशा झाला, कारण या बाबतीत बाबुलालच्या नाकाबद्दल कुणाच्याच मनात शंका नव्हती. साहेबही हसले आणि लिहू लागले. बाबुलाल मात्र बसला नाही. त्याला आणखी काही सांगायचं होतं आणि ते त्याला जड जात होतं.

“अजून एक. पेणाऱ्याले वाटते, आपण सरळच बोलून राह्यलो. मलेबी तसंच वाटते. काकीले मालूम आहे, आपलं बिघडलं. म्हणून ते पदर धरते तोंडाले. पेलेला माणूस कधी तोंड झाकत नाई, साहेब.”

भागीरथाबाईंचा हात त्या क्षणीही पदरासकट तोंडाशी होता. सगळं गाव त्या हाताकडे बघत होतं. त्यांना आधी मेल्याहून मेल्यासारखं झालं, मग बाबुलालचा राग आला, आणि मग कळलं की इतक्या दिवसांत आपल्याकडे नीट बघितलं ते ह्या एका बेवड्यानं. त्यांनी पदर खाली सोडला, ज्योत्सनाला हातानं बाजूला केलं आणि टेबलाचा कोपरा धरून उभ्या राहिल्या.

“स-ही मा-ही आ-हे,” त्या म्हणाल्या. “को-णी... पा-ज-ली नाई. दु-का-न बंद क-रा.”

यातलं ‘बंद’ असं फुटलं की साहेबांचा पेन हातातून सुटला. एवढंसं बोलायला त्यांना बराच वेळ लागला. मग रोवणीच्या टोळीतली पहिली बाई उठली आणि टेबलाशी गेली. तिच्यामागे दुसरी. पूर्वी धुऱ्यावरून ओरडून त्यांना ओळीत उभं करावं लागायचं. आज न ओरडता ओळ लागली. ज्योत्सनानं नंतर सांगितलं की आई, तुम्ही हसत होता. भागीरथाबाईंनी ते कबूल केलं नाही.

जूनमध्ये मतदान झालं, आडवी बाटली भरघोस मतांनी आडवी राहिली, आणि रोवणीच्या आधी दुकानाला कुलूप लागलं. योगेंद्रनं तिथंच खताच्या गोण्या ठेवल्या. ‘सांभाळून जा भाऊ’ मात्र तो अजूनही म्हणतो, सवयीनं. बाबुलाल सुटला असं कुणी समजू नये. तो बाजाराच्या दिवशी सायकलवर बसून मोहाडीला जातो आणि सायकल हातात धरून परत येतो. बाकीचे सहा दिवस त्याचा तो बारीक स्वच्छ आवाज गावात ऐकू येतो, आणि म्हाताऱ्या बायांना अजून वाटतं की कुणी पाहुणा आलाय.

सकाळी सातला तो भिंतीशी असतोच. मंत्र खोटा आहे हे भागीरथाबाईंनी त्याला मतदानाच्या दुसऱ्याच दिवशी सांगून टाकलं. तो म्हणाला की असू द्या, आता सवय झाली.

श्रावणात ज्योत्सनाच्या माहेराकडचा एक पाहुणा सानगडीहून आला. दारूबंदीच्या पुढारणीचं घर म्हणून तो अदबीनं चपला काढत होता, तोच त्याला अंगणात एक बाई आणि भिंतीपलीकडे एक माणूस समोरासमोर बसून ‘पटक पटक’ करताना दिसले. तो थबकला. भिंतीशी वाकून त्यानं बाबुलालला हळूच विचारलं, दोघांतलं प्यालेलं कोण?

“पेतो मी,” बाबुलाल म्हणाला. “पण आज बाजार नाई.”

पाहुण्यानं भागीरथाबाईंकडे बघितलं. त्यांनी आता तोंडाला पदर लावला नाही. त्या त्याच्याकडे बघून छान हसल्या आणि म्हणाल्या, “ब-सा. च-हा घ्या.”

‘घ्या’ असं फुटलं की पाहुणा होता तिथंच, एका पायात चप्पल घेऊन, मटकन बसला. आतून ज्योत्सनानं ओरडून सांगितलं की घाबरू नका दादा, त्या रागावल्या नाहीत, आणि तिनं तीन कप चहा ठेवला.